मिठी : शिवेवरून मध्यावर आलेली नदी

मिठी नदीचा उगम पाहायला गेले की नदी दिसण्याआधी बांध दिसतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण अंगाला, डोंगरांच्या खोलगटीत विहारचा तलाव आहे. १८६० मध्ये तो पुरा झाला आणि तोवर विहिरी-तळ्यांवर तहान भागवणाऱ्या मुंबईला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या देखरेखीखाली झालेले हे काम त्या काळी शहरापासून फार दूरचे होते. त्यानंतर १८७९ मध्ये वरच्या अंगाला तुळशी आणि १८९१ च्या सुमारास शेजारी पवई असे आणखी दोन तलाव झाले. आज पावसाळा भरात आला की तुळशीचे जादा पाणी विहारात उतरते, विहार भरला की त्याच्या सांडव्यावरून पाणी खाली झेपावते, थोडे पुढे पवईच्या तलावाचे ओसंडलेले पाणी त्याला येऊन मिळते आणि या सगळ्याचा मिळून जो प्रवाह होतो तो माहीमच्या खाडीपर्यंत मिठी नावाने ओळखला जातो. लांबी सुमारे १८ किलोमीटर, पाणलोट क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात यापेक्षा मोठे ओढे सापडतील.

तरीही विहारपासून माहीमपर्यंत या प्रवाहाच्या कडेकडेने उतरत गेले की एक गोष्ट पटत जाते. मुंबईची मांडणी जितकी समुद्राने ठरवली आहे, जवळजवळ तितकीच या लहानशा नदीने ठरवली आहे. शहर कुठे संपावे, रेल्वे कुठून जावी, विमानतळ कुठे व्हावा, नकोशा वस्तू आणि नकोशी कामे कुठे ढकलावीत, आणि शेवटी नवे आर्थिक केंद्र कुठे उभारावे, या सर्व प्रश्नांच्या उत्तरांत मिठी आहे. प्रत्येक वेळी मुंबईने तिच्या काठाकडे ‘उरलेली जागा’ म्हणून पाहिले. आधी तो काठ शहराबाहेरचा म्हणून उरलेला होता, मग दोन रेल्वेमार्गांच्या मधला म्हणून उरलेला होता. आता ती उरलेली जागा शहराच्या ऐन मध्यावर आली आहे, पण तिच्याविषयीचे हिशेब अजून जुनेच चालू आहेत. मिठीच्या दुर्दशेचे मूळ घाणीपेक्षाही या जुन्या हिशेबात आहे, असे मला वाटते, आणि तिच्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा त्याची साक्ष देतो.

वरच्या टप्प्यातले पहिले आश्चर्य पाण्याचेच आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर विहार आणि पवई आपले पाणी अडवून धरतात, म्हणजे नदीला वरून यायला पाणीच उरत नाही. असे असूनही ऐन वैशाखात मिठी वाहत असते. हे पाणी येते कुठून? मुंबई आज रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून अधिक पाणी वापरते. त्यातला विहार-तुळशीचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीचे पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा या ठाणे-पालघरकडच्या खोऱ्यांतून मोठमोठ्या जलवाहिन्यांनी आणले जाते. ते घरोघरी, कारखान्यांत आणि हॉटेलांत वापरले जाते आणि त्याचा मोठा भाग नाल्यांवाटे या खोऱ्यात उतरतो. उन्हाळ्यात कुर्ल्याच्या पुलावरून जे काळे पाणी दिसते ते उगमाच्या अर्थाने मिठीचे नाहीच. ते शहापूर-मोखाड्याकडच्या पावसाचे, मुंबईने वापरून टाकलेले पाणी आहे. नदीचे स्वतःचे पाणी नळात गेले आणि परक्या नद्यांचे सांडपाणी तिच्या पात्रात आले, ही अदलाबदल दीडशे वर्षांत इतकी सावकाश झाली की कुणी ती ठरवून केली असे म्हणता येत नाही.

यावरूनच एक नेहमीचा आक्षेप घेतला जातो : मिठी ही नदी नाहीच, तलावाच्या सांडव्याचे पाणी आणि गटारे मिळून झालेला तो एक नाला आहे, त्यामुळे नदीच्या भाषेत तिच्याविषयी बोलणे ही भावुकता आहे. धरणांनी अडवलेल्या आपल्याकडच्या बहुतेक नद्यांना हाच निकष लावला तर उन्हाळ्यात महाराष्ट्रात फारच थोड्या नद्या उरतील. नदीची ओळख तिच्या उगमाच्या झऱ्यापेक्षा तिच्या खोऱ्यावरून होते. ७३ चौरस किलोमीटरवर पडलेला पाऊस ज्या एका रेषेकडे धावतो ती रेषा म्हणजे नदी. तिला कागदोपत्री नाला म्हटल्याने तो पाऊस दुसरीकडे जात नाही. उलट नाला म्हटल्याचा एक परिणाम मात्र होतो. नदीला पूररेषा असावी लागते, नाल्याला भिंत पुरते. म्हणजे नाव बदलले की शहराची जबाबदारीही हलकी होते.

विहारखालून नदी आरे वसाहतीच्या कडेने आणि फिल्टरपाड्याच्या वस्तीला लागून खाली येते. आरेची दुग्धवसाहत १९४९ मध्ये वसवली गेली. शहरात ठिकठिकाणी विखुरलेले म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत, दूध स्वच्छ आणि वेळेवर मिळावे, हा त्यामागचा चांगला हेतू होता. या हेतूतच शहराने मिठीच्या खोऱ्याकडे कसे पाहिले ते दिसते. गोठे शहराबाहेर न्यायचे होते, आणि शहराबाहेर म्हणजे कुठे, तर या खोऱ्यात. आरेमुळे या भागाचे एक भले झाले. गवताच्या आणि झाडांच्या मोठ्या पट्ट्यात पावसाचे पाणी मुरते, त्यामुळे नदीच्या वरच्या भागात अजून नदीसारखे काही दिसते : दगडी पात्र, काठावर उंबर आणि करंज, आणि पावसाळा सरताना काळ्या कातळावरून वाहणारे बऱ्यापैकी निवळ पाणी. मेट्रोच्या कारशेडवरून आरेत जो मोठा वाद झाला त्यात झाडांची संख्या जास्त गाजली. पण ही जागा मिठीच्या पाणलोटातली आहे, हा विरोधकांचा मुद्दा झाडांच्या मुद्द्याइतकाच वजनदार होता, कारण वर पाणी मुरले नाही तर ते खाली कुर्ल्यात एकदम पोहोचते.

आरेनंतर मरोळ आणि साकीनाक्याकडे येताना खोऱ्याचा आकार नीट लक्षात येतो. पूर्वेला पवई-विक्रोळी-घाटकोपरच्या टेकड्या, पश्चिमेला अंधेरी-पार्ल्याची जरा उंचावरची जमीन, आणि मध्ये हा सखल पट्टा. साष्टी बेटावर रेल्वे आली तेव्हा तिने या सखल पट्ट्याच्या दोन्ही कडा धरल्या. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी शीव-कुर्ल्यामधली दलदल ओलांडून पूर्वेच्या बाजूने वर गेली, तर पुढच्या दशकात आलेला पश्चिमेचा मार्ग माहीम-वांद्र्याहून समुद्राच्या बाजूने गेला. उपनगरे या दोन रुळांना धरून वाढली. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड ही एक माळ, तर वांद्रे, पार्ले, अंधेरी, बोरिवली ही दुसरी. मधली ओलसर, खोलगट जमीन कुणालाच नको होती. मुंबईच्या उपनगरांत उत्तर-दक्षिण प्रवास सोपा आणि पूर्व-पश्चिम प्रवास जिकिरीचा का, याचे एक कारण या मधल्या पट्ट्यात आहे. अंधेरी-कुर्ला रस्ता सोडला तर पूर्व आणि पश्चिम जोडणारे मोठे दुवे फार उशिरा आले. सांताक्रुझ-चेंबूर जोडरस्ता आणि वर्सोवा-घाटकोपर मेट्रो या दोन्हींना २०१४ साल उजाडावे लागले.

मधला पट्टा रिकामा राहिला म्हणूनच ज्यांना सलग आणि सपाट जमीन लागते त्या सगळ्या गोष्टी इथे आल्या. मरोळची औद्योगिक वसाहत आली, १९७३ मध्ये निर्यातीसाठीचे सीप्झ आले, आणि या सर्वांच्या आधी विमानतळ आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाढलेले सांताक्रुझचे हे धावपट्ट्यांचे मैदान मिठीच्या पूरमैदानावरच आहे. विमानांना सपाट जमीन हवी असते आणि नदीने हजारो वर्षे गाळ पसरून ती तयार ठेवली होती. विमानतळ वाढत गेला तशी नदीला वाट द्यावी लागली. इथे ती सरळ न वाहता काटकोनात वळवली गेली आहे आणि दुसऱ्या धावपट्टीच्या खालून तिला पुढे जावे लागते. वेगाने आलेल्या पाण्याला एकदम वळायला लावले की ते वळणाआधी तुंबते आणि कडेने चढते, हे कुठल्याही शेतकऱ्याला आपल्या पाटावरून माहीत असते. विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या कुर्ल्याच्या क्रांतीनगरची वस्ती अशाच जागी आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की तिथल्या माणसांना उठवून पालिकेच्या शाळेत हलवावे लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्येही हेच झाले.

कुर्ल्याजवळचा टप्पा सर्वांत दाट आहे आणि नदी तिथे सर्वांत जवळून पाहता येते. काठावर तेलाची आणि रसायनांची रिकामी पिंपे धुऊन पुन्हा विकायचा धंदा आहे. निळी प्लॅस्टिकची आणि गंजलेली लोखंडी पिंपे एकावर एक उतरंडीसारखी रचलेली असतात, त्यांच्या तळाशी उरलेले सगळे धुण्याच्या पाण्याबरोबर खाली जाते, आणि त्या खालच्या बाजूला नदी आहे. पात्राच्या दोन्ही कडांना काँक्रीटच्या संरक्षक भिंती आहेत. भिंतींना ठरावीक अंतरावर गोल तोंडे ठेवली आहेत, ज्यांतून वस्तीच्या गटारांचे पाणी नदीत पडते. ओहोटीच्या वेळी या तोंडांखाली भिंतीवर एक काळसर, तेलकट पट्टा दिसतो. तेवढ्या उंचीपर्यंत पाणी नेहमी चढते, हे मोजपट्टीशिवाय कळते. नदी तोंडांच्या वर चढली की गटारांचे पाणी नदीत पडायचे थांबते आणि उलट वस्तीत शिरू लागते. ज्या भिंती नदीला वस्तीपासून अडवण्यासाठी बांधल्या, त्याच अशा वेळी वस्तीचे पाणी नदीपर्यंत पोहोचू देत नाहीत.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मुंबईत सर्रास ऐकू येतो : नदी बुजवली ती काठच्या झोपडपट्ट्यांनी, त्या हलवल्या की प्रश्न सुटेल. पात्रात अतिक्रमणे झाली हे खरे आहे, आणि काही ठिकाणी घरे हलवल्याशिवाय पात्र मोकळे होणार नाही हेही खरे आहे. पण कोण आधी आले हा क्रम पाहिला पाहिजे. पूरमैदानाचे सर्वांत मोठे तुकडे विमानतळाने, औद्योगिक वसाहतींनी, रस्त्यांनी आणि पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाने घेतले. हे सगळे मंजूर आराखड्यांनी, सरकारी आदेशांनी आणि सार्वजनिक पैशाने झाले. त्या मोठ्या भरावांमुळे नदी अरुंद झाली आणि अरुंद झालेल्या नदीच्या काठी जी चिंचोळी, धोक्याची जमीन राहिली तिथे गरीब माणूस आला, कारण त्याला दुसरीकडे जागा परवडत नव्हती. तो शेवटी आला, आणि पुराचा पहिला फटका त्यालाच बसतो. त्याला हलवताना मोठ्या भरावांकडे बोट न दाखवणे अन्याय्य तर आहेच, शिवाय पाण्याच्या गणितातही ते चुकीचे आहे.

कुर्ल्यापासून नदी दक्षिणेला येऊन मग पश्चिमेकडे वळते आणि रुंदावते. इथून पुढे ती अर्धी नदी आणि अर्धी खाडी असते. दोनदा भरती, दोनदा ओहोटी, चिखल आणि तिवरांची रांग. हाच तिचा खालचा टप्पा मुंबईच्या इतिहासात सीमारेषा होता. १६६१ च्या पोर्तुगीज-इंग्रज विवाहकराराने मुंबई इंग्रजांना मिळाली, पण साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. मग मुंबई नेमकी कुठे संपते, यावर वाद झाला. १६६५ मध्ये इंग्रजांच्या हम्फ्री कुकने माहीम ताब्यात घेतले तेव्हा पोर्तुगिजांचे म्हणणे असे होते की माहीम मुंबईत मोडतच नाही. शेवटी सीमा खाडीच्या पाण्यावर ठरली. शीवच्या टेकडीवरचा किल्ला, माहीमचा किल्ला आणि त्यांच्या मधला धारावीचा रिवा किल्ला, ज्याला लोक काळा किल्ला म्हणतात, हे सगळे या पाण्याकडे तोंड करून उभे आहेत. काळ्या किल्ल्याच्या भिंतीवर गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या नावाचा १७३७ सालचा शिलालेख आहे. हे साल महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी मराठ्यांनी साष्टीत मुसंडी मारली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. म्हणजे खाडीपलीकडे आता पोर्तुगीज नव्हते, मराठे होते. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, मिठीचे मुख ही मराठी सत्ता आणि इंग्रजी सत्ता यांच्यामधली सरहद्द होती. आज तिवरांवरून वांद्र्याकडे पाहताना हे आठवले तर या पाण्याचे वजन बदलते.

सरहद्द गेली तरी शीव शीवच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांधरस्ता झाला. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, ज्यासाठी जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाईंनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले. जाणे-येणे सुरू झाले, पण शहराची मनातली हद्द हलली नाही. ज्या कामांचा वास येतो, धूर होतो किंवा रोगाची भीती असते ती सगळी कामे या हद्दीवर ढकलली गेली. खाटिकखाना वांद्र्याला, खाडीच्या पलीकडच्या काठावर गेला आणि १९७१ मध्ये देवनारला हलेपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या कातड्यांवर जगणारे टॅनरीचे धंदे अलीकडच्या काठाला, धारावीत वाढले. जवळच कुंभारवाड्याच्या भट्ट्या पेटल्या. शहराचा कचरा माहीमच्या चिखलात टाकला गेला. धारावी हा मुळात कोळीवाडा होता. कोळी इथे खाडीत निवट्या, चिंबोऱ्या आणि कोळंबी धरत. घराच्या परसदारी जसे आपण मोडकेतोडके सामान आणि खरकट्याची बादली ठेवतो, तसा हा काठ मुंबईने आपले परसदार म्हणून वापरला. फरक एवढाच की या परसदारात माणसे राहत होती आणि तिथून नदी वाहत होती.

ही हद्द आजही रोजच्या व्यवहारात जिवंत आहे. उपनगरातल्या रिक्षा वांद्रे आणि शीवपर्यंत येतात आणि तिथून पुढे टॅक्सी घ्यावी लागते. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्याची दक्षिण सीमाही इथेच आली. म्हणजे नदीचे खोरे जवळजवळ सगळे एका जिल्ह्यात, आणि मुखाजवळचा दक्षिण काठ दुसऱ्या जिल्ह्यात. पण या रेषेच्या दोन्ही बाजूंचे वजन पार बदलले आहे. १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, तर उपनगर जिल्ह्याची सुमारे ९४ लाख भरली. चार मुंबईकरांपैकी तीन आता मिठीच्या पलीकडे राहतात, आणि जुनी शीव हीच शहराची कंबर झाली आहे.

हे ओळखूनच वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. दक्षिण टोकावर एकवटलेली कार्यालये उत्तरेकडे आणावीत म्हणून १९७७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सुमारे ३७० हेक्टरचा हा भाग नियोजनासाठी सोपवला गेला. जमीन कोणती निवडली, तर मिठी आणि वाकोला नाला यांच्या काठची खाजणे आणि दलदल. शेअर बाजार, हिरेबाजार, बँकांची मुख्यालये, वकिलाती असे सगळे इथे आले आणि शहराचे केंद्र दक्षिणेकडून सरकवण्याची जुनी इच्छा खरोखर पुरी झाली. हे यश मोठे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. जमिनीची टंचाई असलेल्या शहराने खाजणात भराव घालू नये तर काय करावे, हा प्रश्नही खरा आहे. सात बेटांची मुंबई तरी भरावानेच झाली. पण समुद्रात टाकलेला भराव आणि नदीच्या मुखाशी टाकलेला भराव यांत फरक आहे. समुद्र मागे सरकायला जागा पाहतो, नदीला तशी जागा नसते. वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी आली की पाण्याला थोपून राहायला जी खाजणे लागतात, तीच इथे भरून टाकली गेली. त्या जमिनीची किंमत विकणाऱ्यांनी घेतली, पण तिच्यावर थांबणाऱ्या पाण्याची किंमत कुर्ला, कालिना आणि सांताक्रुझ यांनी मोजली.

ती किती मोजली, हे २६ जुलै २००५ ला दिसले. सांताक्रुझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; कुलाब्यात त्याच काळात सुमारे ७४ मिलिमीटर. पाऊसही जणू शीव ओळखत असावा, इतका हा फरक होता. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची रचना तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटी असताना, अशी आखलेली होती. त्या दुपारी भरती होती. शेकडो माणसे दगावली, विमानतळ बंद पडला आणि कुर्ला-कालिन्यात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले. त्या आठवड्यापर्यंत मुंबईतल्या कित्येक लोकांना आपल्या शहरात मिठी नावाची नदी आहे हेच ठाऊक नव्हते. त्यानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली आणि मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. पात्र रुंद आणि खोल करण्याचे काम वरचे सुमारे १२ किलोमीटर पालिकेकडे आणि खालचे ६ किलोमीटर महानगर प्राधिकरणाकडे असे वाटले गेले.

यानंतरचा आक्षेप हा आहे की काम तर झाले : पात्र रुंदावले, भिंती झाल्या, गाळ दरवर्षी निघतो, सांडपाणी वळवून धारावीच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेणारे बोगदे होत आहेत, मग तक्रार कसली? सांडपाण्याची कामे अत्यंत गरजेची आहेत आणि ती पुरी झाली तर पाणी बदलेल. रुंद केलेल्या पात्राने २००५ नंतरचे काही पावसाळे सुसह्य केले, हेही मान्य केले पाहिजे. पण गाळ आणि भिंत हे दोन्ही उपाय नदीला वाहिनी समजून योजलेले आहेत. वाहिनी जितकी खोल तितकी चांगली, हे गणित भरती-ओहोटीच्या मुखाशी चालत नाही, कारण समुद्रसपाटीच्या खाली खणलेली खोली भरतीच्या वेळी समुद्रच भरून टाकतो. शिवाय गाळ दरवर्षी येतो म्हणून कंत्राटही दरवर्षी निघते. या कंत्राटांतल्या गैरव्यवहारांबाबत २०२५ मध्ये पोलिसांत गुन्हा दाखल झाला, तो तपासाचा विषय आहे. पण ज्या कामाचे माप पाण्याखाली असते त्यावर अख्खा भरवसा ठेवणे धोक्याचे, हे त्याशिवायही कळते. नदीला हवी आहे जागा : वर मुरायची आणि खाली थांबायची.

खाली थांबायची जागा कशी असते, हे शेवटच्या टप्प्यात दिसते. धारावीच्या कडेला, नदीच्या दक्षिण काठावर ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ही पूर्वी कचराभूमी होती. १९८० च्या दशकात तिच्यावर माती टाकून झाडे लावायला सुरुवात झाली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. आता तिथे दाट सावली आहे, फुलपाखरे आणि पक्षी आहेत, आणि काठाला तिवरे आहेत. ओहोटीला तिवरांखालचा चिखल उघडा पडला की त्यातून पेन्सिलीएवढी असंख्य श्वसनमुळे वर आलेली दिसतात. त्यांच्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, चपला आणि थर्माकोल अडकलेले असते, आणि त्याच्याच मधून निवट्या आपल्या परांवर रेटा देत चिखलावर सरपटतात, बिळापाशी थबकतात, पुन्हा निघतात. एवढ्या घाणीतही हे मुख मेलेले नाही. कचराभूमीचे जंगल होऊ शकले, ते एका माणसाच्या चमत्काराने नाही, तर ही जमीन बांधकामाला द्यायची नाही असे ठरवून ते पाळल्याने. मिठीच्या काठी अशा ठरवण्याचे हे जवळजवळ एकमेव मोठे उदाहरण आहे.

पुढे माहीम आणि वांद्रे समोरासमोर येतात. एका काठाला मखदूम अली माहीमी यांचा दर्गा, ज्याच्या उरुसात मुंबई पोलिसांची चादर मानाने चढते, आणि बुधवारी नोव्हेनाला गर्दी होणारे सेंट मायकलचे चर्च. पलीकडे सप्टेंबरात मोत माउलीची जत्रा भरणारी वांद्र्याची टेकडी. वर कॉजवेवरून आणि रेल्वेपुलांवरून गाड्यांची रीघ असते, आणि थोडे आत, वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) आणि धारावीच्या मध्ये, मेट्रो तीनचे बोगदे नदीच्या पात्राखालून जातात. या मेट्रोचा मार्ग नीट पाहिला तर तो आरे, सीप्झ, मरोळ, विमानतळ, बीकेसी, धारावी असा आहे, म्हणजे जवळजवळ मिठीच्याच खोऱ्याने खाली येतो. दोन जुन्या रेल्वेमार्गांच्या मधला रिकामा पट्टा आता शहराचा तिसरा कणा झाला, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

म्हणून मिठीविषयीचा निर्णय आता सुशोभनाचा राहिलेला नाही, शहराच्या मध्यवर्ती भागाच्या सुरक्षिततेचा आहे. काय करता येईल ते तिच्या वाटेनेच सुचते. आरेत आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला उरलेली पाणी मुरवणारी जमीन यापुढे कमी होऊ द्यायची नाही. विमानतळाच्या आणि संकुलाच्या भागात जेव्हा जेव्हा नवे बांधकाम होईल तेव्हा पाण्याला किती जागा परत मिळाली, हे परवानगीची अट म्हणून मोजायचे. काठच्या वस्त्यांचे पुनर्वसन जवळच, आणि मोठ्या भरावांच्या हिशेबासोबत करायचे. तिवरांना वनाचा दर्जा कागदावर असतो तसा चिखलातही द्यायचा. आणि दोन जिल्हे, दोन यंत्रणा अशी वाटणी संपवून विहारपासून माहीमपर्यंतचे ७३ चौरस किलोमीटर हा नियोजनाचा एकच घटक मानायचा, म्हणजे वरच्या परवानगीची जबाबदारी खालच्या पुराशी जोडली जाईल. यातले काहीही अशक्य नाही. हे सगळे निर्णय याच शहरातल्या कार्यालयांत होतात, आणि त्यांतली बरीच कार्यालये आज मिठीच्याच काठावर आहेत.